तेल आणि द्राक्षारस

त्या कामाला ते ‘परदेशातली सेवा’ म्हणत. तो परदेश म्हणजे कर्जत तालुक्यातलं मिरजगाव. तिथल्या चर्चच्या मागच्या खोलीत दर हिवाळ्यात समुद्रापलीकडून दहा-बारा पाहुणे येत आणि गावकऱ्यांकडून बायबल वाचून घेत इंग्रजी शिकवत. त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी या कामातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या येतील. पण हा लेख मी रागाने लिहितो आहे, हे वाचकाला आधी माहीत असलेलं बरं.

मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर या पाहुण्यांना पाठवणाऱ्या संस्थेने विचारलं. मी ख्रिस्ती, इंग्रजी येतं, जिल्ह्याची माहिती आहे. त्यांना असाच माणूस हवा होता. कामाचं नाव समन्वयक. प्रत्यक्षात पाहुणे उतरले की पोलीस ठाण्यात त्यांची नोंद करायची, बाटलीबंद पाणी आणायचं, भाजीत तिखट किती याची चव आधी आपण घ्यायची, आणि कोण कोणापाशी वाचायला बसेल हे ठरवायचं.

पद्धत सोपी होती. टेबलाच्या एका बाजूला शिकणारा, दुसऱ्या बाजूला शिकवणारा पाहुणा. मध्ये सोप्या इंग्रजीतलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र. शिकणाऱ्याने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. मग पाहुणा विचारणार: कोण होता? त्याने काय केलं? का केलं? उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. पाहुण्याला मराठीचा एक शब्दही येत नसे आणि येऊ नये असाच नियम होता. मराठी आली की शिकणारा इंग्रजी टाळतो, असं त्यांच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं.

माझ्या पणजोबांना अक्षरं मिशनऱ्यांनीच शिकवली. गावच्या शाळेच्या पायरीवरही त्यांना बसू देत नसत. पण ते जुने मिशनरी आधी मराठी शिकले आणि मग त्यांनी तोंड उघडलं. काही जण इथेच म्हातारे झाले, इथेच पुरले गेले. आता पंधरवड्याच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी मराठी न येणं ही पद्धत झाली होती.

लोकांना वाटतं, या कामात कटकट झाली असेल ती धर्मांतराच्या आरोपाची. एकदा झाली. दोन तरुण मोबाईल काढून दारात उभे राहिले. मी खुर्च्या दिल्या, म्हणालो, बसा, सगळं चित्रीकरण करा. अर्ध्या तासाने एक जण झोपला. दुसरा त्याला उठवून घेऊन गेला. कटकट तिथेच संपली. खरी कटकट खोलीच्या आत होती आणि ती दिसायला मला दोन हिवाळे लागले.

खोलीत दोन प्रकारचे लोक येत. बहुतेक आमचे ख्रिस्ती. शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, मजूर. काही हिंदू शेतकरी कुटुंबांतले. ख्रिस्ती माणसं फाडफाड वाचत. प्रश्न विचारला की उत्तर तयार. पाहुणे थक्क होत. हिंदू माणसं अडखळत.

त्या अडखळणाऱ्यांत संगीता होती. घरची शेती आणि गाईगुरं. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्याचा अभ्यास घ्यायचा म्हणून ती दूध घालून झालं की येई. उधळ्या पुत्राची गोष्ट तिने आठवडाभर वाचली. बापाची वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, पुष्ट वासरू कापतो. संगीता तिथे थांबली. तिच्या समोर कॅरलबाई होत्या, निवृत्त ग्रंथपाल, स्वभावाने फार चांगल्या. संगीताने पुस्तक खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

“काका, ह्या बाईंना इचारा. थोरला भाऊ कुठं हुता?”

“शेतावर.”

“मग जेवणावळ घातली तवा त्याला बोलवायला कुनी गेलं न्हाई व्हय? अन् धाकट्यानं वाटणी आधीच नेली. मंग ह्ये वासरू कुनाच्या वाटचं कापलं?”

मी इंग्रजीत सांगितलं. कॅरलबाई म्हणाल्या, मी साठ वर्षं चर्चला जाते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. पण सत्र संपल्यावर नियमाप्रमाणे त्यांनी शेरा दिला: गती मंद, मराठीचा वापर.

त्याच टेबलावर संगीताच्या आधी एस्तेर बसत असे. तिचा शेरा दरवर्षी एकच: उत्कृष्ट.

एस्तेर महामार्गावरच्या एका खाजगी दवाखान्यात मावशी होती. वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात. झाडणं, पुसणं, रुग्णाला भांडं देणं हे मावशीचं काम. एस्तेर त्यापलीकडे पट्ट्या बदलत असे, टाके काढताना डॉक्टरांच्या हाताशी उभी राहत असे, रात्री नर्स नसली की वॉर्ड सांभाळत असे. पण तिच्या हातात शिक्षणाचा कागद नव्हता, म्हणून ती मावशीच. परदेशात म्हाताऱ्यांची घरी राहून देखभाल करण्याची नोकरी असते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. नगरच्या एका एजन्सीमार्फत अर्ज केला होता. अट दोनच गोष्टींची: कामाचा अनुभव आणि इंग्रजीतली मुलाखत. मुलाखत एकदाच. नापास झालं तर वर्षभर पुन्हा अर्ज नाही, आणि वर्षभराने ती त्यांच्या वयाच्या मर्यादेबाहेर जाणार होती.

“पैशासाठी न्हाई फक्त, भाऊ,” ती मला म्हणाली होती. “हितं डॉक्टर म्हंत्यात मावशी, पेशंट म्हंत्यात मावशी, पेशंटचं पोरगं पन म्हंतं ए मावशी. तिथं म्हनं आधी नाव इचारत्यात.”

एस्तेरचं वाचन ऐकताना मला प्रथम संशय आला. ती परिच्छेदाच्या शेवटी पोचायच्या आधीच तिचा चेहरा शेवटाला पोचलेला असे. बातमी तपासताना हे मी पाहिलं होतं. जो वार्ताहर घटनास्थळी गेलेला नसतो, त्याची बातमी सर्वांत सफाईदार असते.

एस्तेर वाचत नव्हती. तिला गोष्ट पाठ होती. फक्त तिलाच नाही, सगळ्यांनाच. आमच्याकडे चर्चच्या शब्बाथशाळेत दर रविवारी पोर बोलायला लागलं की वचनं पाठ करतं. वचनपाठांतराच्या स्पर्धा होतात, जिंकणाऱ्याला स्टीलचा डबा मिळतो. लूक तर नाताळापासून वधस्तंभापर्यंत अंगात मुरलेला. इंग्रजीचे दोन-चार शब्द ओळखीचे दिसले की गोष्ट कोणती ते कळे, आणि पुढचं उत्तर आतल्या मराठीतून येई. ज्या पुस्तकाने या माणसांना वाचायला शिकवलं, तेच पुस्तक आता त्यांना वाचू देत नव्हतं.

संशय आला की पडताळा घ्यायचा, ही आमच्या धंद्याची सवय. मी उधळ्या पुत्राची गोष्ट त्याच सोप्या इंग्रजीत टाईप केली आणि शेवट बदलला. माझ्या गोष्टीत बाप दार लावून घेतो आणि मुलाला परत पाठवतो. कागद सगळ्यांना वाचायला दिला. एस्तेरने तो स्वच्छ उच्चारात वाचला. मी विचारलं, बापाने काय केलं? ती इंग्रजीत म्हणाली, बाप धावत गेला आणि त्याने मुलाचा मुका घेतला. समोरच्या कागदावर दार बंद होतं. सगळ्या ख्रिस्ती वाचकांनी हेच उत्तर दिलं. एका निवृत्त कंडक्टरने तर वासराचं वजनही अंदाजाने सांगितलं.

संगीताने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाली, “काका, आज ह्यो बाप सुधारला.”

हा कागद घेऊन मी वॉल्टरसाहेबांकडे गेलो. ते संस्थेचे प्रमुख. उंच, मृदुभाषी, कधी आवाज न चढवणारे. मी त्यांना सांगितलं की आपण इंग्रजी शिकवत नाही, लोकांना जे येतं तेच त्यांच्याकडून म्हणवून घेतो. ज्यांना पाठ नाही अशी पानं घ्या. बायबलमध्येच शेकडो आहेत. किंवा औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी घ्या, बसचं वेळापत्रक घ्या.

त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि उलटा ठेवला.

“तुम्ही पवित्र शास्त्र बदललंत,” ते म्हणाले.

“मी परीक्षा घेतली.”

“लोक आनंदाने वाचतात. आमचे स्वयंसेवक आनंदाने परत जातात. तुम्हाला नेमकी अडचण काय आहे?”

अडचण मी सांगितलेलीच होती. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांकडे गेलो. तिथे उत्तर मराठीत मिळालं. “आपली मानसं फाडफाड वाचत्यात म्हनून गोरे लोक येत्यात. तुमी कशाला मधी खोडा घालता?” माझा राग फक्त पाहुण्यांवर असता, तर हा लेख निम्म्यात संपला असता.

एस्तेरच्या मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेलो. नगरला एस. टी. स्टँडजवळ एका इमारतीत एजन्सीची खोली. एजन्सीचा एक तरुण, एक पडदा, पडद्यावर परदेशातली एक बाई. मी दाराजवळ बसलो. एस्तेरने नाताळची पांढरी साडी नेसली होती.

नाव, गाव, अनुभव हे प्रश्न झाले. त्यांची उत्तरं आम्ही घोटून घेतली होती. मग पडद्यावरच्या बाईने विचारलं: समजा, एक वृद्ध माणूस रस्त्यावर पडला आहे. त्याच्या पायाला जखम झाली आहे. तुम्ही आधी काय कराल?

एस्तेर ताठ बसली. चेहरा एकदम निवांत झाला. तो चेहरा मी ओळखत होतो.

तिने पूर्ण वाक्यांत, स्पष्ट उच्चारांत इंग्रजीतून उत्तर दिलं: “मी त्याच्याजवळ जाते. मी त्याच्या जखमा बांधते. मी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतते.”

ही लूकमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. वाटेत लुटला गेलेला, जखमी होऊन पडलेला एक माणूस. दोघे त्याला टाळून जातात, तिसरा परका असून थांबतो. चार हिवाळे एस्तेरला या गोष्टीवर ‘उत्कृष्ट’ मिळालं होतं.

पडद्यावरच्या बाईला वाटलं, प्रश्न नीट ऐकू गेला नसावा. तिने सावकाश पुन्हा विचारला. एस्तेरला वाटलं, उत्तर कमी पडलं. ती पुढे गेली. “मी त्याला माझ्या जनावरावर बसवते. मी त्याला धर्मशाळेत नेते.”

एजन्सीचा तरुण खिडकीकडे तोंड करून हसला. पडद्यावरची बाई हसली नाही. तिने काहीतरी लिहिलं, आभार मानले, पडदा काळा झाला.

स्टँडवर आम्ही कर्जतच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. एस्तेरने विचारलं, “त्या बाईनं काय इचारलं हुतं, भाऊ? मराठीत सांगा.”

मी सांगितलं.

“एवढंच?” ती म्हणाली. “आधी हात धुवायचे. मंग सलाईनच्या पान्यानं जखम धुवायची. रगत थांबत नसंल तर दाबून धरायचं, पाय वर घ्यायचा. म्हातारा मानूस हाय, हाड मोडलंय का बघायचं, उगं उठवायचं न्हाई. रोज करती मी ह्ये. रोज.”

“मग तिथे काय झालं?”

“ती ‘वूंड’ म्हनली ना, जखम. मला वाटलं, हां, ह्ये आपल्याला येतंय.”

गाडी आली. तिने खिडकीची जागा मला दिली.

एजन्सीचा नकार आला, त्याच आठवड्यात मी वॉल्टरसाहेबांना फोन केला. ते तेव्हा त्यांच्या देशात होते. घडलं तसं सांगितलं, प्रश्न आणि उत्तर शब्दशः. मला वाटलं, आता तरी. मग ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

“नोकरीच्या मुलाखतीत तिने शुभवर्तमानातून उत्तर दिलं?”

“साहेब, तिची ती नोकरी हुकली. पुन्हा संधी नाही.”

“देवाची योजना वेगळी असेल. तिचा एखादा फोटो पाठवता येईल का?”

मी पाठवला नाही. त्यांना तो कॅरलबाईंकडून मिळाला. संस्थेच्या पत्रिकेत पहिल्या पानावर एस्तेर आली, पांढऱ्या साडीत, हातात पुस्तक. मथळ्याचा अर्थ असा: मुलाखतीच्या खोलीतही तिने निर्भयपणे आपल्या श्रद्धेची साक्ष दिली. मजकुरात उत्तर होतं. प्रश्न नव्हता. निकाल नव्हता. अशी बातमी माझ्या टेबलावर आली असती तर मी वार्ताहराला समोर उभं करून जाब विचारला असता. या पत्रिकेवर तिकडे वर्गण्या येतात. मिरजगावला तिची प्रत आली तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकांनी ती काचेत घालून खोलीत लावली. त्यांना अभिमान वाटला होता. खोटं वाचून अभिमान वाटायला इंग्रजी कमी लागतं.

एस्तेर ड्युटी संपवून आली. “माझा फोटो आलाय म्हनं.”

मी सांगायला लागलो. तिने हात वर केला. “सांगू नका. मी वाचते.”

तिने फ्रेम खाली काढली, टेबलावर ठेवली आणि काचेवर बोट टेकवून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. अडखळत. मागे जात. संगीता शेजारी बसली होती, तीही वाकली. एका शब्दावर दोघी थांबल्या.

“‘फिअरलेस’ म्हंजे?”

“निर्भय. न घाबरणारी.”

“कोन?”

“तुम्ही.”

ती पुन्हा वाचू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग फ्रेम उलटी करून पाहिली. मागे पुठ्ठा होता.

“ह्यात नोकरीचं कुठं हाय?”

“नाही.”

“मागं पन न्हाई,” ती म्हणाली. आणि मग, “मी घाबरल्ते, भाऊ. मी लई घाबरल्ते.”

चार हिवाळ्यांत एस्तेरने पहिल्यांदा इंग्रजी वाचलं ते त्या दिवशी. ही गोष्ट तिला पाठ नव्हती.

त्यानंतर त्या दोघी वर्षभर माझ्याकडे येत राहिल्या. संस्थेचा कार्यक्रम नव्हता, शेरे नव्हते. एस्तेरची अट एकच: “जे पाठ न्हाई ते काढा.” औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या, पशुखाद्याच्या पोत्यावरचा मजकूर वाचला, विम्याच्या अटी वाचल्या. बायबलमधल्या लेवीय पुस्तकातलं ते प्रकरणही वाचलं, ज्यात याजकाने, म्हणजे पुरोहिताने, अंगावरचा डाग कसा तपासायचा ते दिलं आहे. ते कुणी पाठ करत नाही. एस्तेर तिथे याजकाशी वाद घालत असे. संगीता पशुखाद्यवाल्याशी.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले. या वेळी वॉल्टरसाहेब स्वतः होते. उद्घाटनाला खोली भरली. त्यांनी भाषणात एस्तेरचा उल्लेख केला, तिला उभं केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हीच ती आपली निर्भय बहीण. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. एस्तेर खाली बसेल असं सगळ्यांना वाटलं.

ती बसली नाही.

“सर,” ती म्हणाली. शब्द ती शोधत होती आणि तिचा चेहरा अजिबात निवांत नव्हता. “आय वॉज अफ्रेड. आय गेव्ह राँग आन्सर. आय लॉस्ट द जॉब. यू डिड नॉट राईट. प्लीज राईट.”

पुढच्या रांगेत कॅरलबाईंनी खाली मान घातली. त्यांना कळलं होतं. पंच एकमेकांकडे पाहू लागले. वॉल्टरसाहेब हसतमुखानेच माझ्याकडे वळले, कारण खोलीत गावकऱ्यांपैकी कुणी बोललं की भाषांतर मी करत असे.

“काय म्हणतेय ती?”

मी काही बोलायच्या आत मागून संगीताचा आवाज आला.

“अवो, इंग्रजीच हाय की त्ये!”

मी समन्वयकाचं काम त्या हिवाळ्यानंतर सोडलं. एस्तेर त्याच दवाखान्यात आहे, मावशीच आहे. संस्था अजून येते, लूकच वाचून घेते. एस्तेरचं म्हणणं त्यांनी छापलं का, हे पाहण्यासाठी मी त्यानंतरची पत्रिका मागवून घेतली. छापलेलं नाही. मी एस्तेरला विचारलं, मी मराठीत लिहिलं तर चालेल का, नाव बदलतो. ती म्हणाली, “नाव कशाला बदलता? त्येच तर पायजे हुतं.”

म्हणून इथे छापायला दिलं.